कात्री लावण्याआधी : देवाजवळ ज्ञान मागायला शिकणाऱ्यांसाठी

आमच्या चर्चच्या मंडळीत एक मुलगी लग्न होऊन नवीन आली आहे. परवा उपासना सुटली, सगळ्या जणी दारात चपला शोधत होत्या, तेवढ्यात ती हळूच म्हणाली, "काकू, मी महिनाभर देवाजवळ ज्ञान मागतेय. काहीच होत नाही."

"कशाकरता मागतेस?"

"असंच. ज्ञान."

मला हसू आलं, कारण मीही अशीच मागायचे. दुकानात जाऊन "सामान द्या" म्हटलं तर वाणी काय देईल? तो विचारणारच, काय देऊ, किती देऊ. मी तिला तेच विचारलं, तर बराच वेळ घुटमळून खरं कारण बाहेर आलं. सासरे पहाटे पाच वाजता मोबाईलवर मोठ्या आवाजात भक्तिगीतं लावतात. तिचं बाळ चार महिन्यांचं आहे आणि रात्रभर जागवून नेमकं त्याच वेळी झोपतं. सांगायचं कसं? गाणी देवाची आणि माणूस सासरा.

तिला जे सांगितलं तेच इथे नीट क्रमाने लिहिते आहे. मी पाळक नाही, की धर्मशास्त्र शिकलेली नाही. नगरकडे घराच्या पुढच्या खोलीत शिलाई मशीन टाकून ब्लाऊज शिवते, फॉल-पिको करते आणि नाताळ जवळ आला की संडे स्कूलच्या देवदूतांचे पांढरे झगे शिवते. त्यामुळे उदाहरणं कापडाचीच येतील.

आधी शब्द नीट समजून घ्या

आपल्याकडे ज्ञान म्हटलं की पोथी, प्रवचन, मिटलेले डोळे असं काहीतरी समोर येतं. नाहीतर थट्टेत, "उगाच ज्ञान पाजळू नकोस." पवित्र शास्त्रात, म्हणजे बायबलमध्ये, जुन्या करारात हिब्रू शब्द आहे 'होखमा'. मराठीत त्याचं 'ज्ञान' होतं, पण मूळ शब्दात डोक्याइतकाच हात आहे.

निर्गमचा अठ्ठाविसावा अध्याय काढा. अहरोन याजकाची वस्त्रं शिवायची आहेत. देव मोशेला सांगतो, ज्यांच्या मनात मी ज्ञान घातलं आहे अशा माणसांना हे काम सांग. म्हणजे शिंप्यांना! मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मशीनच्या पायट्यावरचा पाय थांबला होता. पुढे पस्तिसाव्या अध्यायात बायका बकऱ्याचे केस कातून सूत काढतात, तिथेही तोच शब्द. बसालेल नावाचा कारागीर येतो. सोनं, चांदी, तांबं कोरणं, रत्नं बसवणं, लाकूडकाम, सगळं त्याला येतं, आणि देवाने त्याला आपल्या आत्म्याने भरलं ते या कामासाठी. त्याला आणि त्याचा जोडीदार अहलियाब याला आणखी एक देणगी मिळते, दुसऱ्याला शिकवण्याची. ज्यांनी कधी उस्तादाच्या हाताखाली शिकून पाहिलं आहे त्यांना कळेल की ही देणगी किती दुर्मिळ असते.

यशयाच्या अठ्ठाविसाव्या अध्यायाच्या शेवटी एक शेतकरी आहे. तो नुसती नांगरट करत बसत नाही, कुठलं बी कुठे टाकायचं हे त्याला कळतं. जिऱ्यावर तो मळणीचं चाक फिरवत नाही, काठीने झोडपतो. आणि संदेष्टा म्हणतो, हे त्याला त्याच्या देवाने शिकवलं. आमच्याकडे तीळ काढताना पेंढ्या वाळवून उलट्या धरतात आणि हलक्या हाताने काठी मारतात. ज्वारीची मळणी करतात तशी तिळाची केली तर हाती काय लागेल? माझे आजोबा हे करायचे. त्यांना कुणी ज्ञानी म्हटलं असतं तर त्यांनी मागे वळून पाहिलं असतं, कुणाला म्हणतायत म्हणून.

तर हे ज्ञान असं, कुठल्या वस्तूला, कुठल्या माणसाला, कुठल्या वेळेला कसा हात लावायचा ते कळणं.

मागा, पण एका गोष्टीसाठी मागा

याकोबाच्या पत्रात पहिल्याच अध्यायात लिहिलं आहे की ज्याच्यापाशी ज्ञान कमी आहे त्याने ते देवाजवळ मागावं, तो दोष न लावता उदारपणे देतो. नवख्यांनी यातलं 'दोष न लावता' अधोरेखित करून ठेवावं. आपण बहुतेक जण विचारायलाच लाजतो. एवढंसुद्धा कळत नाही का, असं कुणी म्हणेल या भीतीने. इथे ती भीती नाही.

शलमोनाने गिबोनात स्वप्नामध्ये काय मागितलं? आपण 'शहाणपण' म्हणून सोडून देतो. हिब्रूत त्याने 'ऐकणारं मन' मागितलं आहे. तो राजा होता, बोलणारी जीभ मागितली असती तरी शोभलं असतं. त्यानंतर लगेच दोन बाया एका बाळासाठी भांडत त्याच्यासमोर येतात आणि तो आधी दोघींचं पूर्ण ऐकून घेतो.

मागायची पद्धत अगदी साधी ठेवा. सकाळी चहा उकळेपर्यंत जेवढा वेळ मिळतो तेवढा पुरे. त्या दिवशीच्या एका कामाचं किंवा एका माणसाचं नाव घ्या आणि सांगा, प्रभू, आज हे असं आहे, मला कळत नाही, मला दिसू दे. मी स्वतः मोठं कापड कापायच्या आधी खडू हातात असतानाच मागते. पैठणीचा ब्लाऊजपीस असला तर जरा जास्तच मनापासून! एकदा कात्री चालली की मग प्रार्थनेने कापड जुळत नाही.

आवाज ऐकू येण्याची वाट पाहू नका. मला तीस वर्षांत आलेला नाही. ज्यांना येतो त्यांच्याशी माझं भांडण नाही, पण "प्रभूने मला सांगितलं" हे वाक्य माणसाने फार जपून वापरावं. त्यापुढे समोरच्याला बोलायला जागाच उरत नाही.

तारखेप्रमाणे एक अध्याय

नीतिसूत्रे या पुस्तकाचे ३१ अध्याय आहेत. आज पाच तारीख असेल तर पाचवा. एखाद्या दिवशी राहिला तर राहिला, मागे जाऊन भरपाई करू नका, दुसऱ्या दिवशीच्या तारखेचा वाचा. नियम तुटला म्हणून वाचणंच सोडून देणारे मी खूप पाहिले आहेत. महिना ३० दिवसांचा असला तर शेवटच्या दिवशी दोन वाचा, कारण एकतिसावा चुकवण्यासारखा नाही. त्यात ती प्रसिद्ध गृहिणी आहे, लोकर आणि ताग शोधणारी, शेत पारखून विकत घेणारी, वस्त्रं विकणारी. आमच्याकडे लग्नाच्या उपदेशात तिचा एवढा वापर होतो की नवरी घाबरते. पण ती कविता आहे हे कुणी सांगत नाही. हिब्रू वर्णमालेत २२ अक्षरं, त्या कवितेत २२ ओळी आणि प्रत्येक ओळ पुढच्या अक्षराने सुरू होते. कुणीतरी बसून ती जुळवली आहे. शहाणपणाचं पुस्तक संपतं ते अशा कारागिरीवर.

सुरुवातीचे नऊ अध्याय लांब आहेत, बाप मुलाला समजावतोय अशा सुरात. तिथे पुष्कळ जण कंटाळतात. दहाव्यापासून सुटी वचनं येतात आणि वाचायला मजा येते. आळशी माणूस अंथरुणावर कसा कुशी बदलतो, गिऱ्हाईक "भिकार आहे, भिकार आहे" म्हणत वस्तू घेतं आणि घरी जाऊन फुशारकी मारतं, हे सगळं तिथे आहे. हे शेवटचं वचन विसाव्या अध्यायात आहे. ते वाचल्यापासून भाव पाडणाऱ्या बायकांचा मला राग येत नाही. तीन हजार वर्षांपासून हे चालू आहे असं दिसतं.

एक खड्डा दाखवून ठेवते. ही वचनं म्हणजे कायद्याची कलमं नव्हेत. सव्विसाव्या अध्यायात चौथं वचन म्हणतं, मूर्खाला त्याच्या मूर्खपणाप्रमाणे उत्तर देऊ नकोस. लगेच पाचवं म्हणतं, दे! पहिल्यांदा वाचणारा गोंधळतो. पण आपण तरी काय करतो? एकीकडे "शुभस्य शीघ्रम्" म्हणतो आणि दुसरीकडे "अति घाई संकटात नेई". दोन्ही खरं आहे. आज कुठलं, ते ओळखणं हेच तर मागायचं आहे.

आणि डोळे मिटून पुस्तक उघडायचं, बोट ठेवायचं, येईल ते वचन म्हणजे देवाचं उत्तर, हा खेळ करू नका. ती चिठ्ठी काढण्याची रीत झाली. सलग वाचलं तरच वचन आपल्या जागी दिसतं.

वही

शंभर पानी वही पुरते. डाव्या बाजूला तारीख आणि मागितलेली गोष्ट. उजवी बाजू कोरी सोडा. आठवड्याने, महिन्याने त्या कोऱ्या बाजूला काय झालं ते लिहा. सुंदर काही लिहू नका. माझ्या वहीत अशा नोंदी आहेत : "सातवीच्या फीचं. नणंदेला विचारू का?" आणि समोर, "विचारलं. ओशाळायला झालं नाही."

याने आपल्याला आपलीच खोड कळते. मी एकदा जुन्या तीन वह्या चाळल्या तर निम्म्या विनंत्या एकाच प्रकारच्या होत्या, काम वेळेत कसं द्यायचं. ज्ञान तिथेच होतं, माझ्याच अक्षरात. मी जमणार नाहीत इतकी कामं घेत होते, कारण "नाही" म्हणताना माझी जीभ जड होते.

कुणाला विचारायचं

नीतिसूत्रांच्या पंधराव्या अध्यायात म्हटलं आहे की मसलत नसली म्हणजे बेत फिसकटतात आणि मसलत देणारे पुष्कळ असले म्हणजे ते तडीस जातात. पुष्कळ म्हणजे मंडळीभर नव्हे. मी तीन माणसं धरते. एक, त्या कामातलं जाणकार. दुसरं, मला लहानपणापासून ओळखणारं, ज्याच्यासमोर मला नाटक करता येत नाही. तिसरं, ज्याला या निर्णयात काहीच मिळणार नाही असं. पाळकसाहेब किंवा पाळकीणबाई यांतल्या कुठल्याही जागी बसू शकतात, पण तिन्ही जागी नको. आणि आजारपणाचं असेल तर आधी दवाखाना. डॉक्टरचं ज्ञानही वरूनच आलेलं आहे असं मी मानते.

विचारताना आपलं उत्तर आधी सांगू नका. "मी असं करायचं ठरवलंय, बरोबर ना?" हा प्रश्नच नव्हे.

आलेलं उत्तर तपासा

मनात काहीतरी येतं. ते देवाकडचं की आपल्याच हट्टाचं? याकोबाच्या तिसऱ्या अध्यायाच्या शेवटी मापाची फीत दिली आहे. वरून येणारं ज्ञान मुळात शुद्ध असतं, मग शांतिप्रिय, सौम्य, समजूत होण्याजोगं, दयेने भरलेलं, पक्षपात न करणारं, ढोंग नसलेलं. मला यातलं 'समजूत होण्याजोगं' सगळ्यात आवडतं. कुणी दुसरी बाजू सांगितली तर जे ऐकून घेतं ते. माझ्या मनात आलेला विचार जर म्हणत असेल की आता कुणाचं ऐकायचं नाही, तर तो मी रात्रभर तसाच ठेवते. सकाळी बहुतेक वेळा तो आटलेला असतो.

आटण्यावरून आठवलं. नवीन असताना एकदा अस्तर पाण्यातून न काढताच कापलं. घाई होती, लग्नाची ऑर्डर. शिवून दिलं तेव्हा ब्लाऊज अंगावर बसला, बाई खूश. पहिल्या धुण्यात सुती अस्तर आटलं, वरचं रेशीम तसंच राहिलं आणि काखेपाशी सगळा चुण्यांचा कारभार. तो ब्लाऊज घेऊन ती परत आली तेव्हाचा तिचा चेहरा मला अजून दिसतो. तेव्हापासून अस्तर रात्री भिजतं, सकाळी वाळतं, मगच कात्री.

काही नवं घडवताना

गाणं, चित्र, नाटुकलं, भरतकाम, रांगोळी. इथे नवखे दोन टोकांना जातात. एक म्हणतो, देव सुचवेल तेव्हा लिहीन, आणि वर्षभर कागद कोरा. दुसरा म्हणतो, मला देवानेच सुचवलं, त्यामुळे कानामात्रासुद्धा बदलणार नाही. बसालेलाच्या गोष्टीत दोघांनाही उत्तर आहे. त्याला आत्मा मिळाला, पण हात-दीड हाताची मापंसुद्धा आखून मिळाली. कोश, म्हणजे कराराची पेटी, अडीच हात लांब, दीड हात रुंद, दीड हात उंच. चौकट ठरलेली होती आणि तिच्या आत त्याला करूब नावाच्या स्वर्गदूतांचे पंख घडवायचे होते.

नाताळसाठी मी एकदा गाणं लिहिलं. अलंकारिक शब्दांची नुसती खैरात. दिव्य, तेजोमय, अवतीर्ण. मला वाटलं, वा! पेटी वाजवणाऱ्या काकांनी दोनदा वाचलं, चष्मा काढला आणि म्हणाले, "बाई, हे पहिलीतली पोरं म्हणणार आहेत ना?" मी घरी येऊन रडले आणि दुसऱ्या दिवशी 'अवतीर्ण' खोडून 'आला' लिहिलं. त्या वर्षी मागच्या बाकावरच्या आज्यासुद्धा गायल्या.

आपल्या मराठीत हे शहाणपण आधीच घडलेलं आहे. पंडिता रमाबाईंना १८७८ मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी संस्कृतासाठी 'पंडिता' आणि 'सरस्वती' म्हणून गौरवलं होतं. हव्या तेवढ्या जड भाषेत लिहू शकणारी बाई. पण केडगावला आपल्या मुक्ती मिशनमध्ये राहून त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून पवित्र शास्त्राचं भाषांतर केलं ते साध्या बायकांना कळेल अशा मराठीत. ते तिथल्याच छापखान्यात छापलं गेलं. रमाबाई १९२२ मध्ये गेल्या आणि संपूर्ण ग्रंथ १९२४ मध्ये निघाला. जे येतं ते सगळं न वापरणं, यालाही मोठं ज्ञान लागतं.

त्याआधी तीनशे वर्षं, इंग्लंडात जन्मलेले फादर स्टीफन्स गोव्यात ओव्या लिहीत बसले होते. ख्रिस्तपुराण १६१६ मध्ये राचोलला छापलं गेलं. ओवीच का? कारण ऐकणाऱ्यांच्या कानाला ती सवयीची होती. आणि १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांनी अभंग-भजनं लिहिली, टाळ-मृदंग उपासनेत आणला. आज आमच्या मंडळीत ती भजनं सुरू झाली की माना आपोआप डोलतात. या तिघांनीही आधी समोर कोण बसलं आहे ते पाहिलं.

म्हणून नवं काही करायला घेताना वहीत तीन ओळी लिहा. हे कुणासाठी? त्यांना काय आधीच येतं? चौकट काय, म्हणजे किती वेळ, किती पैसे, किती माणसं? मग मागा आणि त्याच दिवशी वाईट का होईना, पहिला खर्डा करा. खर्ड्यावर देवाला बोट ठेवता येतं, कोऱ्या कागदावर कुठे ठेवणार? झालं की एखाद्या पेटीवाल्या काकांना दाखवा.

चुकलं तर

चुकणार. शलमोनही चुकला, तेही उतारवयात, एवढं सगळं मिळाल्यावर. पहिल्या राजांच्या पुस्तकाचा अकरावा अध्याय वाचवत नाही. ज्ञान एकदा मिळालं की मुरंब्यासारखं बरणीत टिकतं, असं नाही. शिवणात एक बरं आहे, टीप उसवता येते. पण ओढून उसवलं तर कापड फाटतं. दर चौथ्या टाक्याला दोरा कापायचा, मग तो अलगद सुटतो. माणसांशी चुकलं असेल तर मी असंच करते, एकाच बैठकीत सगळं मिटवायला जात नाही.

ती मुलगी काल आली होती, बाळाला कडेवर घेऊन, हातात नवी वही. एका पानावर लिहिलं होतं, "मामंजींची गाणी." उजवी बाजू कोरी.

"आज कितवा अध्याय वाचायचा?" तिने विचारलं.

"तारीख किती?"

"सत्तावीस."

मी काही बोलले नाही. तिनेच पुस्तक काढलं आणि खाटेवर बसून वाचू लागली. चौदाव्या वचनावर आली आणि थांबली. पहाटे उठून आपल्या शेजाऱ्याला जो मोठ्याने आशीर्वाद देतो, त्याचा तो आशीर्वाद शाप गणला जाईल. ती इतकी हसली की बाळ दचकलं.

"काकू, हे मामंजींना वाचून दाखवू?"

"दाखव की. पण आधी पंधराव्यातलं पहिलं वचन वाच."

तिने पानं मागे उलटली. मृदू उत्तराने राग निवतो. तिने दोन्ही जागी बोटं घालून पुस्तक मिटलं आणि म्हणाली, "मग नुसतं एवढंच म्हणते, मामंजी, तुमच्या नातवालाही ती गाणी ऐकायची आहेत, पण सात वाजता."

मी कापडावर खडूची रेघ मारत होते. मुंढ्याचं माप राहिलं होतं ते घेतलं.